लेकीच्या प्रगतीपुस्तकात मार्कच नाहीत

काल ऑफिसात असताना शाळेच्या ॲपचं नोटिफिकेशन आलं, लेकीने पोर्टफोलिओत, म्हणजे तिच्या कामाच्या ऑनलाइन वहीत, नवीन काम टाकलंय म्हणून. उघडलं तर वजाबाकीचा व्हिडिओ. 402 वजा 178. हातचा वगैरे भानगड नाही, टॅबवर आडवी संख्यारेषा काढली आणि 178 वरून उड्या मारत निघाली, दोनची मारून 180, वीसची मारून 200, मग 200 ची मारून थेट 400 आणि वरचे दोन, झाले 224. मध्ये एक उडी चुकली, ती खोडून परत काढली, तेही व्हिडिओत तसंच ठेवलंय. शेवटी स्वतःच सांगते, मधे शून्य आलं की माझा गोंधळ होतो, ते मला अजून शिकायचंय. तिसरीतली पोर! माझ्या वेळी गणितापुढे मार्क आणि खाली बाबांची सही, बास. मी नेमकी कुठे अडतेय हे घरी कुणाला कळायची सोयच नव्हती.

आम्ही कॅनडात सरे शहरात राहतो, व्हँकूवरजवळ. आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2023-24 पासून नववीपर्यंत ए-बी-सी ग्रेड बंद झाल्यात, त्याऐवजी खालून वर चार पायऱ्या: इमर्जिंग, डेव्हलपिंग, प्रोफिशियंट, एक्स्टेंडिंग. पालकांना वर्षातून पाचदा कळवायचं, दोनदा लेखी, दोनदा भेटून किंवा पोर्टफोलिओतून वगैरे, आणि शेवटी वर्षाचा लेखी आढावा. मुलांनी स्वतःचं मूल्यमापन करणं सक्तीचं.

सगळं छान, पण मला याचा त्रासही होतो आणि तो मी लपवणार नाही. ही पायरी वर्षअखेरीच्या अपेक्षेशी ताडून ठरते, त्यामुळे पहिल्या सत्रात डेव्हलपिंग आलं तर ते ठीकच असतं म्हणे. पण डेव्हलपिंग म्हणजे जवळपास आलंय की अजून बरंच बाकी आहे? एकाच खान्यात दोन्ही तऱ्हेची मुलं बसतात. शिक्षिकेला विचारलं की "शी इज डुइंग ग्रेट", हे उत्तर ऐकून ऐकून मी कंटाळलेय. आणि दहावीत एकदम टक्के सुरू! पुढे युनिव्हर्सिटीला ते लागणारच, मग नववीपर्यंत आम्ही अंदाज बांधत बसायचं का? म्हणून मी दर सुट्टीत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून स्कॉलरशिपची पुस्तकं आणते, रविवारी तासभर बसवते, पाढेही म्हणून घेते. इथल्या मैत्रिणींना ते जाचक वाटतं, वाटू दे. त्या तासात ती कुठे आहे ते मला नेमकं कळतं.

आणि हे सगळं इथेच सुचलंय असंही कुणी समजू नये. माझी ताई जि.प. शाळेत शिकवते, 2010 पासून आपल्याकडे महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर चालणारं मूल्यमापन आहे, ती प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी लिहिते आणि मनापासून लिहिते. फरक एवढाच की इथे तिसरीपर्यंत वर्गात 24 पेक्षा जास्त मुलं घेत नाहीत. तिच्याकडे 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, त्यात चार इयत्ता, वर निवडणुकीची कामं. तिने प्रत्येकाचा व्हिडिओ कधी काढायचा? तिला हा व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "अगं, मला एवढा वेळ मिळाला ना, तर माझी पोरं याच्यापेक्षा भारी सांगतील." सांगतीलच. मी त्यातली दोघं-तिघं पाहिलीत.

आईला मात्र तो व्हिडिओ पाठवता आला नाही, मागे दुसऱ्या एका मुलाचा चेहरा दिसतोय आणि सप्टेंबरमध्येच आमच्याकडून सही घेतलीये की इतर मुलं असलेलं काही पुढे पाठवायचं नाही. आधी मला हे अती वाटलं, पण माझ्या लेकीचा चेहरा कुणा अनोळखी माणसांच्या ग्रुपवर फिरला तर मी शांत बसेन का? नाही बसणार.

पुढच्या आठवड्यात शिक्षिकेला भेटायला दहा मिनिटं मिळालीत. हाच व्हिडिओ उघडून विचारणारे, शून्याचा गोंधळ जायला घरी काय करून घेऊ. एवढं नेमकं विचारल्यावर तरी उत्तर नेमकं यायला हवं.