शाळेसमोरचा रस्ता आणि साडेबाराची पाहणी

आमच्या मुलांच्या शाळेचा रस्ता लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत वळतो आणि पुढे स्टेशनकडे निघतो. तो खड्ड्यांचा आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा होता तोवर वाहनांना आपोआपच लगाम बसत असे. मग महापालिकेच्या काँक्रिटीकरणात त्याचा नंबर लागला, रस्ता गुळगुळीत झाला, आणि शास्त्री मार्गावर कोंडी झाली की रिक्षा, टेम्पो, दुचाकी सगळेच आतून भरधाव जाऊ लागले. जुने गतिरोधक आणि झेब्रा पट्टे खोदकामात गेले होते. नव्या रस्त्यावर त्यांपैकी काहीच परत आले नाही. त्यातच राज्य सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने निर्णय चांगलाच आहे, पण आमच्याकडे त्याचा परिणाम असा झाला की पहिली-दुसरीची मुले ऐन ऑफिसच्या गर्दीत रस्ता ओलांडू लागली.

मी विभाग कार्यालयात गतिरोधक आणि झेब्रा पट्ट्यांसाठी अर्ज दिला आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. काही दिवसांनी उत्तर मिळाले की गतिरोधकासाठी वाहतूक पोलिसांची ना हरकत लागते. वाहतूक चौकीत गेले तर तिथल्या अधिकाऱ्यांनी अगदी नम्रपणे सांगितले, ‘‘मॅडम, रस्ता महापालिकेचा आहे, प्रस्ताव त्यांच्याकडून येऊ द्या.’’ दोघांचेही म्हणणे नियमाला धरून होते, आणि म्हणूनच त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. एरवी अशा वेळी लोक नगरसेवकाला गाठतात. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकांकडे होता आणि ती वाटही बंद होती.

तेव्हा मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि मागणी एकच: या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाच्या मंजूर आराखड्याची प्रत. तक्रार मांडायची नाही, ‘का’ विचारायचे नाही, फक्त कागद मागायचा, असे एका निवृत्त शेजाऱ्यांनी बजावले होते, आणि तो सल्ला मोलाचा ठरला. मिळालेल्या आराखड्यात शाळेच्या फाटकासमोर झेब्रा पट्टे आखलेले होते आणि दोन्ही बाजूंना ‘पुढे शाळा आहे’ असे फलकही दाखवले होते. म्हणजे या दोन गोष्टींसाठी नव्या परवानगीची गरजच नव्हती. कंत्राटदाराचे ते काम अपुरे राहिले होते. तसे पत्र आराखड्याच्या प्रतीसह रस्ते विभागाला दिल्यावर थर्मोप्लास्टिकचे पट्टे त्यामानाने लवकर आले. फलक मात्र बरेच उशिरा लागले. तोवर शाळेजवळ उभा असलेला एकमेव फलक शांतता क्षेत्राचा होता, आणि त्याच्याच खाली थांबून रिक्षावाले हॉर्न वाजवत असत.

पट्टे आखल्याने गाड्या थांबत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात दिसले. गतिरोधक हवाच होता, आणि त्यासाठी पोलीस व पालिका यांना एकाच वेळी एकाच जागी आणणे भाग होते. इथे शाळा उपयोगी पडली. स्कूल बसविषयीच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीबरोबर वाहतूक पोलीस आणि आरटीओचे निरीक्षकही तिचे सदस्य असतात. आमच्या शाळेत ही समिती कागदावरच होती. मुख्याध्यापिकाबाई सुरुवातीला नाखूश होत्या, कारण फाटकाबाहेरच्या गोष्टीत शाळेने पडू नये असे संस्थेचे धोरण होते. पण समिती नियमानेच आवश्यक आहे हे दाखवल्यावर त्यांनी बैठक बोलावली आणि संयुक्त पाहणीची मागणी करणारा ठराव शाळेच्या लेटरहेडवर गेला. एका पालकाचा अर्ज फाइलमध्ये पडून राहू शकतो. ज्या समितीत पोलीस निरीक्षक स्वतः सदस्य आहेत, तिच्या ठरावाचे तसे होत नाही.

पाहणीची वेळ आधी सकाळी अकराची कळवण्यात आली होती. अकरा वाजता आमच्या रस्त्यावर भाजीवाल्याशिवाय फारसे कोणी नसते, त्यामुळे ती वेळ स्वीकारली असती तर ‘रहदारी सामान्य आढळली’ असा शेरा ठरलेलाच होता. आम्ही लेखी विनंती करून दुपारी साडेबाराची वेळ मागून घेतली, कारण तेव्हा सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते. त्या दिवशी पालिकेचे दुय्यम अभियंता आणि वाहतूक पोलीस अधिकारी फाटकाशी उभे असताना व्हॅनवाले काका दुहेरी रांगेत गाड्या लावत होते, आजी-आजोबा नातवंडांची दप्तरे सावरत वाट काढत होते, आणि पाण्याची बाटली गळ्यात अडकवलेली एक मुलगी दोन उभ्या टेम्पोंच्या फटीतून एकदम रस्त्यावर आली. दुचाकीस्वाराने करकचून ब्रेक दाबला. काही झाले नाही. पोलीस अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे अभियंत्यांना विचारले की पट्टे नेमके टेम्पो उभे राहतात त्या जागी का आहेत. खुद्द त्यांची जीप त्या गर्दीतून बाहेर निघायला बराच वेळ लागला, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटले नाही.

पाहणीच्या इतिवृत्तात तीन गोष्टी आल्या: पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना काही अंतर वाहने उभी करण्यास मनाई, शाळा सुटण्याच्या वेळी रहदारी सांभाळायला एक वॉर्डन, आणि पट्ट्यांच्या अलीकडे-पलीकडे एकेक गतिरोधक. मधल्या काळात एका दुकानदाराने सद्भावनेने रबरी पट्टी आणून ठोकण्याची तयारी दाखवली होती. आम्ही ती नाकारली, कारण अशा पट्ट्यांचे तुकडे निघून जातात आणि मागे राहिलेले खिळे दुचाकीच्या टायरांना लागतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेग असेल तर गाडी त्यावरून विनात्रास जाते, जास्त असेल तर चालकाला तो जाणवतो. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारे अरुंद, टोकदार उंचवटे पाठीची हाडे मोजतात, म्हणून माप पत्रात लिहून देणे आम्ही आवश्यक मानले.

गतिरोधक झाले आहेत आणि वेग नक्कीच कमी झाला आहे. पोलिसांनी प्रशिक्षण दिलेली आरएसपीची, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा दलाची (रोड सेफ्टी पेट्रोल), मुलेही आता शिट्टी घेऊन फाटकाशी उभी राहतात, अर्थात वॉर्डन असतानाच. आठवीतल्या मुलांवर रहदारी सोपवणे मला मान्य नाही.

सर्वांत अवघड भाग मात्र आम्हा पालकांचाच निघाला. नो पार्किंगच्या फलकाखाली स्कूटर लावणारे बहुतेक जण आमच्याच वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधले आहेत. चार वर्षांवरील मुलालाही मागे बसताना हेल्मेट बंधनकारक आहे, हे माहीत असूनही दोन-दोन मुले उघड्या डोक्याने आणली जातात. स्कूटर कोपऱ्यावर लावून शेवटचे अंतर मुलाबरोबर चालत यावे, असा प्रस्ताव मी मांडला तेव्हा ‘‘पावसात कसे जमेल?’’ पासून ‘‘तुम्हाला वेळ आहे म्हणून’’ इथपर्यंत सगळे ऐकून घ्यावे लागले. पावसाचा मुद्दा खरा आहे, कारण कोपऱ्यापासून फाटकापर्यंतचा पदपथ एका बाजूला गटाराच्या झाकणांमुळे आणि दुसऱ्या बाजूला दुकानांच्या पायऱ्यांमुळे चालण्याजोगा नाही. परिवहन समितीच्या पुढच्या बैठकीसाठी तो विषय घेतला आहे, आणि त्या रस्त्याच्या आराखड्यात पदपथाची रुंदी किती दाखवली आहे तेही आम्ही सोबत जोडणार आहोत.