कोऱ्या चिठ्ठ्यांची छत्तिसावी फेरी

१७ फेब्रुवारी, रात्री

अमेरिकी लोकशाहीच्या पायाभरणीचा विषय निघाला की १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची घटना यांच्यावरच बोलणं होतं. मला १७ फेब्रुवारी १८०१ ही तारीख त्या दोन्हींच्या तोडीची वाटते. १८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल त्या दिवशी लागला, आणि हरलेला सत्ताधारी पक्ष मुकाट्याने खुर्ची सोडणार, हे तिथे पहिल्यांदा नक्की झालं.

घोळ घटनेतच होता. अध्यक्ष निवडायला राज्यं जे निर्वाचक नेमत, त्या प्रत्येकाला दोन मतं, आणि दोन्ही अध्यक्षपदासाठीच. बहुमतासह पहिला आला तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. देशभर पक्ष उभे राहतील हे घटनाकारांनी धरलंच नव्हतं. त्यामुळे १७९६ मध्ये अ‍ॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपाध्यक्ष, अशी जोडी जमली. १८०० मध्ये जेफरसन यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या निर्वाचकांनी शिस्तीने दोन्ही मतं जेफरसन आणि अ‍ॅरन बर यांना दिली, आणि दोघे ७३-७३ वर अडकले. अ‍ॅडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाने एक मत जॉन जे यांच्याकडे वळवलं होतं, म्हणून त्यांचे अ‍ॅडम्स ६५ आणि पिंकनी ६४. निर्वाचक आपापल्या राज्यात, पण एकाच दिवशी मत देत. कोणाचं मत गाळायचं हे आधी पक्कं ठरलं नसेल, तर त्या दिवशी काहीच हातात नसे.

११ फेब्रुवारीला, उपाध्यक्ष म्हणून सिनेटचे (वरिष्ठ सभागृहाचे) अध्यक्ष या नात्याने लिफाफे उघडायला उभे होते खुद्द जेफरसन. जॉर्जियाचा कागद नियमाप्रमाणे नव्हता. ती ४ मतं बाद झाली असती तर दोघेही ६९ वर आले असते, आणि १३८ निर्वाचकांत बहुमताला ७० लागत. मग पहिल्या पाचांतून निवड झाली असती, म्हणजे अ‍ॅडम्सही रिंगणात आले असते. जेफरसननी ती मतं धरली. जॉर्जियाचा कौल सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे हरकत आली नाही. तरी उमेदवारानेच स्वतःचा निकाल वाचावा, ही रचना मला खटकते.

बरोबरीमुळे निर्णय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे राज्यागणिक एक मत. राज्यं १६, जिंकायला ९ हवीत. सदस्यांनी आपल्या राज्याच्या पेटीत चिठ्ठ्या टाकायच्या, निकाल दोन कागदांवर लिहून दोन मोठ्या पेट्यांत एकेक टाकायचा. दोन टेबलांवर वेगवेगळी मोजणी होई आणि आकडे जुळले तरच फेरी धरली जाई. सदस्य समसमान फुटले की राज्य ‘विभागलेलं’. पहिल्या फेरीत जेफरसन ८, बर ६, मेरीलँड आणि व्हरमाँट विभागलेली. रात्रभर तेच. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेले होते. त्यांना बर्फातून उचलून आणून शेजारच्या खोलीत निजवलं, आणि पत्नीच्या आधाराने ते दर फेरीला चिठ्ठी देत राहिले. त्यांचं मत चुकलं असतं तर मेरीलँड बर यांच्याकडे गेलं असतं. असं नागरिकपण मला कोणत्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

४ मार्चला अ‍ॅडम्स यांची मुदत संपत होती आणि पस्तीस फेऱ्या होऊनही निकाल लागत नव्हता. कोंडी फोडली ती डेलावेअरचे एकमेव सदस्य, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड यांनी. बर नकोत, अशी पत्रं फेडरलिस्ट नेते हॅमिल्टन त्यांना लिहीतच होते. ३६ व्या फेरीत बेयर्डनी कोरी चिठ्ठी टाकली. मेरीलँड आणि साउथ कॅरोलिनाच्या फेडरलिस्टांनीही कोऱ्या टाकल्या, तर व्हरमाँटचे मॉरिस मतदानाला आलेच नाहीत. जेफरसन १०, बर ४. माघार घेणाऱ्यांपैकी कोणीही जेफरसनना मत दिलं नाही. आपलं मत न बदलता त्यांनी वाट तेवढी मोकळी केली.

या निकालाखाली एक अन्याय दडलेला आहे. दक्षिणेच्या निर्वाचकांची संख्या ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश गणती होई, आणि त्या माणसांना मत मात्र नव्हतं. ही गणती वजा केली तर अ‍ॅडम्स जिंकले असते, असा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे आणि तो मला पटतो.

१८०४ च्या १२ व्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष आणि उपाध्यक्षांसाठी वेगळी मतं आणली. गृहातलं राज्यागणिक एक मत मात्र तसंच राहिलं. १८२५ मध्ये जॅक्सन ९९ निर्वाचक मतं मिळवून पुढे असताना, ८४ मिळालेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १३ राज्यांच्या बळावर पहिल्याच फेरीत अध्यक्ष झाले.