स्विफ्ट १.३: मागचा अँटिरोल बार टिकला, आता करीच्या ट्रॅकचं बघायचं

मागे नवा बार बसवला आणि अखेर वळणातल्या आतल्या चाकाची फिरकी थांबली! रविवारी मोशीच्या ग्राउंडवर १८० अंशांच्या वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दाबला आणि गाडी चक्क पुढे गेली. आधी काय व्हायचं ते मागच्या अपडेटमध्ये रडून झालंय: वळण डावं असलं की पुढचं डावं चाक जागच्या जागी रबर जाळणार, स्टीअरिंग कितीही पिळा, नाक बाहेरच जाणार. त्याच कोर्सवर आता दीडेक सेकंद कमी झाला. ८७ बीएचपीच्या गाडीत दीड सेकंद इंजिनमधून काढायचा तर खिसा रिकामा झाला असता.

(हे सगळं डांबरावरच्या ऑटोक्रॉसबद्दल आहे, म्हणजे कोन मांडून आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर घड्याळाशी शर्यत. मातीवाल्यांनी इथलं काही उचलू नये, तिथलं गणितच निराळं.)

दुखणं ओपन डिफरन्शिअलचं, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या गिअरपेटीचं. तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो, म्हणजे हलक्या चाकाला जेवढा पेलेल तेवढाच जड चाकालाही. एलएसडी (एका चाकाची फुकट फिरकी रोखणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल) घ्या म्हणणाऱ्यांनी आधी किंमत सांगावी, मग कस्टम्सची सांगावी. पुढच्या स्प्रिंगा कडक करा, असंही बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. त्यानं दुखणं वाढतं. वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारं एकूण वजन वेग, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरतं. स्प्रिंगा आणि अँटिरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं डुलणं रोखणारी दांडी) फक्त त्याची पुढे-मागे वाटणी करतात. पुढचा भाग कडक केला की पुढचं आतलं चाक आणखी हलकं होतं. मागचा केला, तर मागचं आतलं चाक उचललं जातं, आणि ते उचललं तर बिघडतं कुठे? गाडी पुढची चाकं ओढतात, त्याला काही ओढायचं नसतंच.

पुढचा अँटिरोल बार काढून टाकायचा, हा दुसरा मार्ग. तोही केला असता, पण ग्राउंडपर्यंत आणि परत याच गाडीनं जायचंय, आणि हायवेवर ती डुलायला लागली तर घरचे बसणार नाहीत. मारुती ८०० वाल्यांनी तर हा विचारही करू नये. तिथे तोच बार खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो.

म्हणून मागच्या टॉर्शन बीमला (मागच्या दोन चाकांना जोडणारी, पीळ घेणारी तुळई) जोडबार. दोन ट्रेलिंग आर्म्सच्या (मागची चाकं धरणाऱ्या भुजांच्या) मध्ये, दोन्ही टोकांना ब्रॅकेट, प्रत्येकी दोन बोल्ट. कल्पना सोपी, पण पहिल्या बारनं वेड लावलं. सकाळी गाडी मस्त वळायची, दुपारपर्यंत पुन्हा जैसे थे. मी टायर बघितले, शॉक्स बघितले, ब्रॅकेटच्या वेल्डला तडा गेलाय का ते भिंगानं पाहिलं. काही नाही. शेवटी बार उतरवून भोसरीच्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर लेव्हल टेकवली आणि म्हणाले, "साहेब, हा वाकला नाही, पिळला गेलाय."

दुकानदारानं बार ‘स्प्रिंग स्टील’ म्हणून दिला होता. मिस्त्रींनी ग्राइंडर लावला: ठिणग्या लांब, सरळ, फुलबाजीसारखं फुटणं जवळपास नाहीच. कार्बन भरपूर असता तर टोकाला गच्च फुटल्या असत्या. म्हणजे साधं एमएस (माइल्ड स्टील). गंमत अशी की ताठरपणात एमएस आणि स्प्रिंग स्टील यांत जवळजवळ काहीच फरक नाही, दोघांचं यंग्ज मोड्युलस (ताठरपणाचं माप) साधारण २०० जीपीए. फरक पडतो तो पिळल्यावर परत जागेवर येण्यात. एमएस एका मर्यादेनंतर तिथेच राहतं, म्हणून सकाळी पास, दुपारी नापास. ताठरपणा हवा असेल तर व्यास वाढवा, कारण तो चौथ्या घातानं वाढतो: १९ ऐवजी २२ मिमी घेतला की जवळपास ८० टक्के जास्त.

नवा बार १९ मिमीचाच, पण ईएन ४५ (खरं स्प्रिंग स्टील), हीट ट्रीटमेंट करून. मिस्त्रींनी आकार दिल्यावरच हार्डनिंगला पाठवला, उलट करू नका. बोल्ट मात्र नाना पेठेतून १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) आणले. डोक्यावर ग्रेड कोरलेली नसेल तर परत ठेवा, दुकानदार काहीही सांगो.

आता खरी पंचाईत. पुढची स्वारी करीला. कोइंबतूरचा ट्रॅक, २.१ किमी, पुण्याहून बाराएकशे किलोमीटर. गाडी चालवतच नेणार आणि चालवतच आणणार. मोशीला दुसऱ्या गिअरात मागची बाजू सुटली तर मजा येते, वाटेवरचा प्लास्टिकचा कोन आडवा होतो, लोक हसतात. करीला चौथ्यात थ्रॉटल सोडला आणि मागची बाजू सुटली तर कोणी हसणार नाही. त्यामुळे पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या लावायच्या आवारात) जॅक लावून बार उतरवायचा, असा बेत होता.

पण हे लिहिता लिहिता सुचलं: उतरवायचा कशाला? एका बाजूच्या ब्रॅकेटवर बोल्टच्या भोकांऐवजी कमानीसारख्या लांबट खाचा केल्या, तर बोल्ट सैल केले की ते टोक फिरायला मोकळं. बार जागेवरच, पण त्याचा परिणाम शून्य. खडखड होईल, तिथे नायलॉनचा बुश. उद्याच मिस्त्रींना फोन. यात काही खोट दिसत असेल तर आत्ताच बोला, खाचा कापल्यावर नको.

पुढचा टो (वरून पाहताना पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली ते) मात्र दोन्ही ठिकाणी वेगळाच लागणार. मोशीला एकूण ३ मिमी टो-आउट, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर, नाक पटकन वळतं. पण त्याच सेटिंगवर कोइंबतूर गाठलं तर टायरच्या आतल्या कडा रस्त्यातच संपतील, म्हणून हायवेला आणि करीला शून्य. अलाइनमेंटच्या दुकानात ‘मशीनच्या स्क्रीनवर हिरवं आलं पाहिजे’ या पलीकडे कोणी ऐकत नाही, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार स्टँड, मासेमारीची तंगूस आणि स्टीलची पट्टी. टाय रॉडची (चाक वळवणाऱ्या दांडीची) षटकोनातली एक चपटी बाजू फिरवली की त्या चाकाचा टो पाऊण मिमी बदलतो, हे मोजून ठेवलंय. दोन्हीकडे दोन-दोन बाजू, झालं. पांढऱ्या रंगाची खूण केलीय. कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे १.८ अंशांवर कायम, त्याला हात लावला की टो पुन्हा पहिल्यापासून.

हवेचा दाब: मोशीला मिनिटभराच्या रनमध्ये टायर तापतच नाही, म्हणून थंड असतानाच पुढे ३५ पीएसआय, मागे ४०. करीला थंड २८ भरायचा, तापून ३५ च्या आसपास जातो आणि प्रत्येक सेशननंतर गेज लावायचा. हिवाळ्यात पुण्यात पहाटे १२ अंश, दुपारी ३०. टायर नुसता उभा असला तरी तीनेक पीएसआय वाढतो, त्यामुळे सकाळचं रीडिंग दुपारी विसरा. शोल्डरवर (टायरच्या कडेवर) खडूची रेघ मारून ती कुठवर पुसली जाते ते बघायची जुनी युक्ती अजून कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाची.

ब्रेक: डीओटी ४ ब्रेक फ्लुइड नवं भरलंय. डबा उघडल्यापासून ते हवेतलं पाणी ओढायला लागतं. मानकात कोरड्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी ओढलेल्याचा १५५. उरलेला अर्धा डबा जपून ठेवणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. ट्रॅकचे पॅड्स मात्र तिथे पोहोचल्यावरच घालणार. थंड असताना ते चावतच नाहीत, आणि खंबाटकी उतरताना तो अनुभव नको.

मागच्या ड्रम ब्रेकचं काय करायचं ते ठरलेलं नाही. करीला सलग सेशन्स केलेल्या कोणी कंपनीच्या (स्टॉक) ब्रेक शूजवर काम भागवलंय का? लायनिंग बदलायचं तर ते बार ब्रॅकेटच्या कामाबरोबरच उरकेन, मागची बाजू तेव्हा उघडलेलीच असेल.