सांगलीच्या माणसाला पांबनच्या पुलाचे काय?

"तुम्ही सांगलीचे, रामेश्वरजवळच्या एका बंद पडलेल्या रेल्वेपुलाचे तुम्हाला एवढे काय?" हे इतक्यांनी विचारले आहे की एकदाच नीट सांगतो. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारल्याशिवाय न झोपणाऱ्या गावाला खरे तर हे सांगावे लागू नये.

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झालेला, रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, दोन किलोमीटरहून किंचित लांब असा तो पांबनचा पूल. जहाज आले की मधल्या उचलत्या, शेर्झर पद्धतीच्या गाळ्याची दोन पाती कामगार हातांनी वर उचलून वाट मोकळी करत. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या वादळात बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीची पॅसेंजर गाडी प्रवाशांसह वाहून गेली, पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले. उचलता गाळा मात्र टिकला आणि रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांच्या पथकाने ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला. हे मी घडाघडा सांगतो, म्हणून लोकांना तो माझा अभ्यास वाटतो. तो अभ्यास नाही.

आईने काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू आमच्या देवघरात अकरा वर्षे होता. ते जल रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, आणि तिच्या वडिलांनी, दादांनी, नेले तसे तिला ते आगगाडीने, त्याच पुलावरून न्यायचे होते. मी दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिलो. डिसेंबर २०२२ मध्ये पुलावरची गाडी थांबली. फेब्रुवारीत आम्ही निघालो, तेव्हा आमचा रेल्वेप्रवास पुलाअलीकडच्या मंडपमलाच संपला. पुढे बसने, शेजारच्या उंच रस्तापुलावरून जाताना, मी तिला खिडकीतून खाली तो पूल दाखवला. गडू मांडीवर घट्ट धरून ती पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दादा सांगायचे, लाटांचे पाणी डब्यात येत होते."

पूल बंद करणे चूक होते, असे माझे म्हणणे नाही. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या लोखंडावरून माणसे नेऊ नयेत, हे मलाही कळते. किंबहुना तेव्हा मीच घरात म्हणालो होतो की नवा पूल होतोच आहे, हळहळ कसली? आज ते वाक्य मला माझ्या दिरंगाईवरचे पांघरूण वाटते. पण ते खोटे होते, असेही म्हणवत नाही.

६ एप्रिल २०२५ रोजी नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो आणि मला त्याचे मनापासून कौतुक आहे. त्यावरून जाऊ या, असे मी आईला दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने गुडघ्यांचे कारण सांगितले. ते कारण खरे की माझ्यावरचा राग, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.