बंदरात हरवलेला माल आणि एक सही

वाशीतल्या आमच्या क्लिअरिंगच्या, म्हणजे बंदरातून माल सोडवून देण्याच्या, कचेरीत गेल्या पावसाळ्यात एक कंटेनर उघडला, तेव्हा बत्तीस खोक्यांच्या जागी एकोणतीसच निघाली आणि दाराच्या सीलचा क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळत नव्हता. जहाज कंपनी म्हणाली, आम्ही पूर्ण माल उतरवला. बंदराने सांगितले, आम्हाला मिळाला तसाच दिला.

कायद्याचा मूळ विचार मला आजही न्याय्य वाटतो. 1963 च्या महाबंदर विश्वस्त कायद्याच्या कलम 43 ने बंदरावर टाकलेली जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याची, म्हणजे बेलीची होती. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 151 प्रमाणे, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल, तितकी त्याने घेतली पाहिजे. काळजी घेऊनही माल गेला, तर मात्र कलम 152 त्याला सोडवते. पुढे 2021 च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने जुना कायदा हटवला.

पण खरा पेच ताब्याच्या क्षणाचा असतो. जुन्या कायद्यात बंदराने माल स्वीकारल्याची पावती दिल्यावरच ही जबाबदारी सुरू होत असे आणि नुकसानीची सूचना विनियमांत ठरवलेल्या मुदतीत द्यावी लागे. आम्ही बंदरातून माल ताब्यात घेतानाच्या पावतीवर सीलच्या स्थितीचा रकाना रिकामाच होता. आमच्या माणसाने, रांग लांब असल्यामुळे, तो न पाहताच सही केली होती. तेव्हापासून न्हावा-शेव्याला जाणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी सांगतो, की आधी सीलचा फोटो काढ, क्रमांक ताडून बघ आणि फरक दिसला तर तो तिथेच पावतीवर लिहून घे.