दहा मिनिटांचा हिशेब

महामार्गावरची वेगमर्यादा वाढवावी की नाही, हा वाद नाशिकच्या कोणत्याही बैठकीत एकदा निघाला की चहाचे दुसरे कप येईपर्यंत मिटत नाही. मुंबई, पुणे, धुळे, पेठमार्गे गुजरात अशा दिशांना येथून रस्ते फुटतात, घरटी कोणीतरी चाकणला नाहीतर ठाण्याला नोकरीत असतो, आणि ‘किती तासांत आलात?’ हा प्रश्न पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देतानाच विचारला जातो. उत्तरात दहा-पंधरा मिनिटे कमी सांगण्याची रीत आहे आणि ऐकणाराही ती मनातल्या मनात वाढवून घेतो, त्यामुळे व्यवहारात कोणाचे नुकसान होत नाही.

समृद्धी महामार्ग आल्यापासून या गप्पांना धार चढली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी, मे २०२३ मध्ये पुढे इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा तुकडा, असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आमच्या दाजींचा मुद्दा असा, की हा रस्ता ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आखलेला असताना सपाटीवर पाटी मात्र १२० ची, म्हणजे धरण बांधून त्यात पाणी साठवायला मनाई करण्यासारखे झाले. त्यांच्या बाजूने बोलायला थोर माणसेही आहेत. द्रुतगती मार्गांवर १४० ची मर्यादा असावी, असे आपले वैयक्तिक मत नितीन गडकरी यांनी २०२१ मध्येच जाहीरपणे मांडले होते. केंद्राने २०१८ मध्ये मोटारींसाठी द्रुतगती मार्गांवर १२० आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर १०० अशी मर्यादा वाढवली, तर अपघाताच्या भरपाईचे एक प्रकरण ऐकताना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचनाच रद्द ठरवली. सरकार आणि न्यायालय यांच्यातच जिथे एकमत नाही, तिथे दाजी आणि मी कोण?

तरीही कागद-पेन्सिल घेऊन बसले की गंमत दिसते. शंभर किलोमीटर अंतराला साठच्या वेगाने शंभर मिनिटे लागतात, ऐंशीने पंचाहत्तर, शंभरने साठ, एकशेवीसने पन्नास आणि एकशेचाळीसने सुमारे त्रेचाळीस. प्रत्येक वेळी वेग वीसनेच वाढला, पण वाचलेली मिनिटे मात्र पंचवीस, पंधरा, दहा, सात अशी आटत गेली. धडकेतल्या ऊर्जेचे गणित याच्या नेमके उलट चालते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकशेवीसवरून एकशेचाळीसवर गेलेली गाडी तीच असली तरी तिच्या अंगातली ऊर्जा ३६ टक्क्यांनी वाढलेली असते. एवढे देऊन जी सात मिनिटे हाती येतात त्यांचे पुढे काय होते, हे पाथर्डी फाट्यावरच्या कोंडीतून नाशिक शहरात शिरताना कळते, आणि तिथून निभावलेच तर द्वारकेचा चौक आहेच. रविवारी मुंबईहून मिसळीसाठी धावत येणाऱ्या मंडळींचे तर मला नेहमी कौतुक वाटते: कसारा घाट जिवावर उदार होऊन चढायचा आणि नंतर टेबल मिळेपर्यंत पाऊण तास हातात टोकन धरून उन्हात उभे राहायचे.

पण माझी खरी तक्रार समृद्धीबद्दल नाही. तो बंदिस्त रस्ता आहे, दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना तिथे मज्जाव आहे, आणि झिजून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशावरच अडवण्याची मोहीमही मध्यंतरी झाली. काळजी वाटते ती आमच्या जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाची, आणि त्यातही ओझर ते पिंपळगाव बसवंत या पट्ट्याची. कांद्याच्या हंगामात पहाटे तिथे ट्रॅक्टर उतरतात. पुढे ट्रॅक्टर, मागे शिगोशीग भरलेली ट्रॉली, तिच्या पाठीला मागचा दिवा असण्याऐवजी तारेने बांधलेली जुनी सीडी किंवा लाल गोणपाटाचा तुकडा, चिखलाने माखलेली नंबरप्लेट, आणि कांद्याच्या गोण्यांवर पांघरूण घेऊन, अंगाचे मुटकुळे करून झोपलेला एक जण. वेग फार तर ताशी वीस. मागून शंभरच्या वेगाने मोटार येते, तेव्हा दोघांमधले अंतर सेकंदाला बावीस मीटरने कमी होत असते. डिपरच्या उजेडात तो लाल तुकडा साठ मीटरवर दिसला, असे धरले तरी चालकाच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत, आणि त्यातला एक ‘हे काय आहे?’ असे वाटण्यातच जातो.

या रस्त्यावर धोका वेगाचा आहेच, पण त्याहून मोठा आहे तो वेगांमधल्या तफावतीचा. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी नोंदीत अतिवेगाच्या रकान्यात आहेत. तो रकाना खोटा आहे असे मी म्हणत नाही. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मात्र ट्रॉलीला दिवा नव्हता, दुभाजकात ढाब्यासाठी परस्पर पाडलेला कट होता, किंवा दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल राँग साइडने येत होती, या गोष्टी कोणत्या रकान्यात मावतात, हे मला कळलेले नाही.

वेगवादी मंडळी जर्मनीचा दाखला हमखास देतात. तिथल्या ऑटोबानच्या बऱ्याच भागावर सक्तीची मर्यादा नाही, फक्त १३० ची शिफारस आहे, हे खरे. पण ज्या वाहनाचा कमाल वेग साठच्या वर जाऊ शकत नाही, त्याला त्या रस्त्यावर पाऊलच ठेवता येत नाही, हा त्याच नियमावलीतला भाग दाखल्यातून गळतो. मला जर्मनीपेक्षा इंग्लंडचा १८६५ चा कायदा जवळचा वाटतो. त्या काळी यांत्रिक वाहनाला गावाबाहेर ताशी चार मैलांची मर्यादा होती आणि गाडीच्या पुढे लाल बावटा घेऊन एका माणसाने चालत जायचे, असा दंडक होता. आमच्याकडे तोच लाल बावटा दीडशे वर्षांनी ट्रॉलीच्या मागे लटकतो आहे, फरक एवढाच की सावध करण्याची जबाबदारी जोरात जाणाऱ्याकडून हळू जाणाऱ्याकडे गेली.

त्यामुळे मर्यादा वाढवा की कमी करा, असे मला कोणी विचारलेच तर मी रस्ता कोणता, हे आधी विचारीन. समृद्धीवर एकशेवीस पुरेसे आहेत, सात मिनिटांसाठी आणखी वीस नकोत. आग्रा रोडवर गाव लागेल तिथे शंभरचे साठ करावेत, आणि बाजार समितीच्या आवारात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी चिकटवूनच आत घ्यावे. तिला येणारा खर्च गोणीभर कांद्याहूनही कमी असेल.

दाजींना हे पटत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजला जातो, त्यावरही त्यांनी तोडगा काढला आहे: गाडी मर्यादा ओलांडून हाकायची आणि पुढचा कॅमेरा येण्याआधी फूड मॉलला थांबून, घड्याळ बघत, वडापाव खात, वाचवलेली मिनिटे खर्चून टाकायची.