आजीचं फडकं आणि पवईचं पाणी

महिन्यातून एकदा मी अजूनही पवई तलावावर जातो, पाण्यातले सूक्ष्म प्राणी गोळा करायला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काढल्यावर हात स्वस्थ बसत नाहीत. पिशवीत बोल्टिंग सिल्कचं, म्हणजे अगदी बारीक जाळीच्या कापडाचं नेट, दोरी, दोन बाटल्या आणि फॉर्मालिनची कुपी. भांडुपहून पहिली रिक्षा पकडतो. तलावात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पाय घालत नाही. काठावरच्या दगडावरूनच नेट फेकतो.

अंधार असतानाच जावं लागतं. दिवसा हिरवं शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेच तो वापरून टाकतं. सांडपाण्याने पोसलेल्या तलावात शेवाळच इतकं, की उजाडण्याआधी पाण्यातला प्राणवायू अगदी कमी झालेला असतो. कोण तग धरून आहे ते त्याच वेळी कळतं. शिवाय बरेचसे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, रात्री वर येतात आणि उजेड झाला की माशांच्या नजरेपासून लपायला खाली जातात. नऊ वाजता आरामात गेलं तर निम्मी मंडळी भेटतच नाहीत.

प्राणिप्लवक हा शब्द मला नोकरीत कळला, पण त्यांची भीती आजीने लहानपणीच घातली होती. ती माण तालुक्यातली. गावातल्या पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरायचे, तिथूनच तिला नारू झाला. घोट्याजवळून निघालेला तो जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. तो व्रण मी पाहिला आहे. लालबागच्या चाळीत नळाचं पाणी यायचं, तरी तिने नळाला धोतराचं दुहेरी फडकं बांधलं ते कायमचं.

१९८७ साली नोकरीला लागलो आणि पहिल्याच महिन्यात सूक्ष्मदर्शकाखाली सायक्लॉप्स हा प्राणिप्लवक पाहिला. कपाळावर एकच डोळा, शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. नारूची पिल्लं याच्याच पोटातून माणसात जातात. मी त्याचं चित्र काढून घरी नेलं आणि खरा किती असतो ते पेन्सिलीच्या टोकाने ठिपका देऊन दाखवलं. आजी बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. म्हणाली, “येवढंसं?” १९९४ साली ती गेली. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. गाळून पिण्याचा त्यात फार मोठा वाटा आहे. हे तिला सांगायचं राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

लोक म्हणतात, पवई मेला. मला ते पटत नाही. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. पहिल्या दोघांचं पाणी मुंबई आजही पिते. पवईच्या वाट्याला वस्त्यांचं सांडपाणी आलं, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. त्याला खायला फार मिळालं आहे, हेच त्याचं दुखणं.

माझ्या वह्यांमध्ये ते उतरलेलं दिसतं. सुरुवातीच्या पानांवर मिलिमीटरभराच्या पाणपिसवा, म्हणजे झटके देत पोहणारे प्राणिप्लवक, बऱ्याच आहेत. त्या पायांवरच्या केसांच्या चाळणीने पाणी गाळतात आणि शेवाळ खातात. तलावाचं फडकंच म्हणा. पण मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे चिकट पुंजके आले की ती चाळणी तुंबते, वर त्या शेवाळात विषही असतं. उरलेल्या पाणपिसवा मासे टिपतात, कारण मोठा घास आधी दिसतो. मागे राहतात रोटिफर, म्हणजे त्यांच्याहून लहान प्राणिप्लवक. त्यातही ब्रॅकिओनस. तो पाणपिसवेच्या पाचव्या हिश्शाएवढा. जिवाणू आणि कुजका गाळ खातो, कमी प्राणवायूत भागवतो, माद्या नराशिवाय अंडी घालतात. आजकाल मोजणीच्या काचपट्टीवर, एका मिलिलिटरमध्ये, गर्दी पूर्वीपेक्षा जास्त असते. घराणी मात्र कमी झाली आहेत.

तरीही ब्रॅकिओनसवर माझा जीव आहे. अ‍ॅस्प्लांक्ना नावाचा शिकारी रोटिफर पाण्यात आला की त्याच्या नुसत्या वासाने ब्रॅकिओनसच्या काही जातींची पुढची पिल्लं लांब काट्यांसह जन्मतात. आईने धोका ओळखायचा आणि लेकीने काटे घेऊन यायचं!

दरवर्षी जलपर्णी काढतात. काढावीच, पण ती काठावर कुजत पडली तर तिने शोषलेलं सगळं पावसाबरोबर परत आत जातं. आधी नाल्यांची तोंडं बंद व्हायला हवीत. हे मी जमेल त्या सभेत उभं राहून सांगतो.

मे महिन्यात काठावरचा वाळका चिखल घरी आणला. पाणपिसवांची टिकाऊ अंडी अशा चिखलात वर्षानुवर्षं झोपून राहतात. दोन चमचे चिखल क्लोरीन उडून जावं म्हणून बरणीत ठेवून दिलेल्या पाण्यात टाकला आणि बरणी खिडकीत ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी नातीने हाक मारली. बरणीत एक पांढुरका ठिपका झटके देत वर चढत होता. भिंग लावून पाहिलं. पाणपिसूच होती. मी आजीच्या पद्धतीने फडकं दुहेरी केलं आणि बरणीच्या तोंडाला बांधलं.